मुधोळचे पिल्लू आणण्यापूर्वी

पिल्लू 'घरच्याच कुत्रीचे' असले, तरी आई प्रत्यक्ष पाहिल्याविना घेऊ नये. ८ आठवड्यांआधी तर नकोच. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी जोपासलेली ही शिकारी जात २००५ साली टपाल तिकिटावरही झळकली. मलाही तिचे आकर्षण आहे. परंतु कोरड्या माळावर धावणाऱ्या या श्वानास आमच्या मलकापूरचा पावसाळा कोंडून ठेवतो. मग उघडीप मिळताच, ससा दिसताच ते झेपावते. साखळी मनगटाला गुंडाळलेल्या आजोबांच्या खुब्याचे काय? फिरवण्याचे काम नातवाकडेच द्यावे. तिसऱ्या महिन्यात पिल्लाला रेबीजची लस टोचावी. खेळताना दात लागला तरी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी, हळद-चुना लावू नये आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा.