म्हाताऱ्यांची खोली नकाशावर आली, कागदावर कधी येणार?

पिंप्राळा (जळगाव) : आषाढी एकादशीला जिथे रथ निघतो ते पिंप्राळा आता गाव राहिलेलं नाही, जळगाव महापालिकेत आहे. जुनी धाब्याची घरं जाऊन स्लॅबची घरं उभी राहताहेत. घर बांधायला काढलं की इंजिनिअरला एक प्रश्न हमखास विचारला जातो : आई-बाबांसाठी वेगळा भाग काढता येईल का? दार वेगळं, संडास-बाथरूम वेगळं, जमलं तर छोटा ओटा आणि गॅसपण वेगळा.

पूर्वी चूल वेगळी झाली म्हणजे घरात भांडण झालं, असं गाव समजायचं. आता तसं समजायचं कारण नाही. म्हाताऱ्याला पहाटे चारला चहा लागतो, नातवाचा मोबाइल रात्री बारापर्यंत चालतो. मधे एक भिंत आणि एक दार असलं तर दोघांनाही बरं. जपानमध्ये एका छपराखाली दोन पिढ्यांचे दोन संसार अशी घरं कित्येक वर्षांपासून बांधतात. सिंगापूर सरकारने तर २०१३ पासून तीन पिढ्यांसाठी खास फ्लॅट काढले.

आपल्याकडे चूक होते ती जागा निवडताना. खालचा पुढचा भाग मुलाला किंवा भाड्याच्या दुकानाला आणि म्हातारा-म्हातारी वरच्या मजल्यावर, नाहीतर मागे पत्र्याच्या शेडमध्ये. जळगावचा मे महिना सगळ्यांना माहीत आहे, पारा ४५ च्या पुढे जातो. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री खोलीत आग ओकतो, पत्र्याचं तर बोलायलाच नको. वय झालं की उन्हाचा त्रास जास्त आणि तहान कमी लागते, म्हणून धोका मोठा. तेव्हा त्यांची खोली तळमजल्यावरच हवी, शक्यतो उत्तरेला किंवा पूर्वेला. पश्चिमेचं ऊन भिंतीवर घेऊ नका.

दहा बाय बाराची खोली, पाच बाय सातचं संडास-बाथरूम आणि सहा बाय आठचं स्वयंपाकाचं कोपरं, एवढं सव्वादोनशे चौरस फुटांत बसतं. दार तीन फुटांचं ठेवा, नाहीतर उद्या व्हीलचेअर आत जात नाही. कमोड बसवा, बाजूला भिंतीत पक्का दांडा, खाली खरबरीत फरशी. चकचकीत टाइल्सवर पाय घसरून खुबा मोडला तर म्हातारं माणूस बहुतेक वेळा पुन्हा पहिल्यासारखं चालत नाही. रॅम्पला एक फूट उंचीमागे बारा फूट लांबी लागते. जोतं दीड फूट असेल तर रॅम्प अठरा फूट. हे आधी सांगितलं तरच बसतं, नंतर जागा उरत नाही. आणि पुढचा ओटा काढून टाकू नका. येणारा-जाणारा ‘काय बाबा, जेवण झालं का’ विचारतो, तेवढ्यावर त्यांचा दिवस जातो.

घरकुलवाल्यांना हे सगळं जमणार नाही. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घराचं किमान क्षेत्रफळच २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २७० फूट. तिथे वेगळा भाग कुठून काढणार? निदान संडास घराला लागून आणि बिनपायरीचा करा.

पण खरी गडबड कागदात आहे. स्वामित्व योजनेतून गावठाणातल्या घरांची मालमत्ता पत्रकं मिळू लागली. १८ जानेवारी २०२५ ला देशभरात एकाच दिवशी ६५ लाख पत्रकं वाटली गेली. घराला कागद आला, तशी कर्जाची वाट खुली झाली. मग मुलगा म्हणतो, “बाबा, जागा माझ्या नावावर करा, बँक सोपं जातं.” मुलाला राहतं घर बक्षीसपत्राने द्यायचं तर मुद्रांक शुल्क २०१५ पासून फक्त २०० रुपये आहे, स्थानिक कर आणि नोंदणीचा खर्च वेगळा. बाप सही करतो. नकाशात त्याची खोली असते, बक्षीसपत्रात त्याबद्दल एक ओळ नसते.

ती ओळ किती महत्त्वाची आहे ते सुप्रीम कोर्टाच्या दोन निकालांतून दिसतं. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यातलं कलम २३ सांगतं, सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने सांभाळलं नाही, तर तो व्यवहार रद्द ठरवता येतो. डिसेंबर २०२२ मध्ये सुदेश छिकारा प्रकरणात अशी अटच नव्हती, म्हणून आईचं म्हणणं टिकलं नाही. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या ऊर्मिला दीक्षित यांच्या प्रकरणात मुलाने सांभाळाचं लिहून दिलेलं होतं. कोर्टाने बक्षीसपत्र रद्द करून घर आईला परत दिलं.

दुसरा मार्गही आहे. बक्षीसपत्रात ‘आम्ही दोघं तहहयात या भागात राहू’ असं लिहून हक्क राखून ठेवता येतो. त्यामुळे बक्षीसपत्र बाद होत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्येच स्पष्ट केलंय. कोणता भाग, किती फूट, दार कुठल्या बाजूला, हे नकाशासह लिहा. आमच्या मते सगळ्यात बरं म्हणजे जागा बापाच्या नावावरच ठेवून मृत्युपत्र करणं. कर्जाला बाप सहकर्जदार राहू शकतो, फक्त वय जास्त असलं की बँका कुरकुर करतात. वडिलोपार्जित घर असेल तर बहिणींचाही हिस्सा असतो, बाप एकटा ते सगळं देऊ शकत नाही.

सूनबाईंची बाजूही बघायला हवी. २०२० च्या एस. वनिता प्रकरणात कोर्टाने म्हटलं, की ज्येष्ठांच्या कायद्याचा आधार घेऊन सुनेला तिच्या राहत्या घरातून सरळ बाहेर काढता येत नाही. दोन दारं असलेलं घर या भांडणातही दोघींच्या सोयीचं.

वाद झालाच तर अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडे करायचा, न्यायाधिकरण तिथेच बसतं. साध्या कागदावर लिहून दिला तरी चालतो, वकील करायची सक्ती नाही. आधी नुसता सल्ला हवा असेल तर ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे, फोनला पैसे पडत नाहीत.