हुकूम झाला, पण घाण हटली काय?

तेरणाकाठचे माकणी 1948 पर्यंत निजामाच्या अमलाखाली होते. निजाम गेला, रयतेचे राज्य आले. पण सरकारी हुकूम खिशात घालून मिशांवर ताव देणारे बडे लोक काही गेले नाहीत!

गरिबाने रस्त्यावर बैल बांधला तर ग्रामपंचायत लगेच त्याच्या दारी. धनवानाने पाणवठ्यात सांडपाणी सोडले तर मात्र अर्जावर अर्ज! बहुजनसमाजातील बंधूंनो, अर्जावरच थांबू नका. पुढचे कलम वाचा.

नागरिक सुरक्षा संहितेच्या 152 कलमाने उपविभागीय दंडाधिकारी उपद्रव हटविण्याचा हुकूम काढू शकतो. तो पाळावा, नाहीतर हजर होऊन कारण दाखवावे. 162 कलमाने उपद्रव पुन्हा करण्यास वा चालू ठेवण्यास मनाई करता येते. ही मनाई मोडणारास न्याय संहितेच्या 293 कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत साधी कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. साधा उपद्रव अदखलपात्र. पण मनाई मोडली की गुन्हा दखलपात्र होतो. मग फौजदारसाहेबांनी वॉरंटाची सबब सांगू नये.

आता यातली मेख पाहा. 1860 च्या दंडसंहितेत या गुन्ह्याच्या दंडास आकडाच नव्हता; न्यायाधीश ऐपत पाहून दंड ठोकू शके. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या संहितेने पाच हजारांची मर्यादा घातली. मजुराचा तो महिन्याचा घास; शेटजीचा तो पानसुपारीचा खर्च! दंड भरावा आणि घाण चालू ठेवावी, असा हा परवानाच झाला. म्हणून आमची मागणी साफ आहे : हुकूम मोडणाऱ्या धनवानास दंडावर सोडू नका, कैद द्या.

कोणी म्हणेल, आमच्या धंद्याने गावाची सोय होते. 270 कलम सांगते, सोय होते म्हणून उपद्रव माफ नाही. नगरपालिका म्हणेल, पैसा नाही. रतलामच्या खटल्यात 1980 साली सर्वोच्च न्यायालयाने ही सबबही धुडकावली.

तेव्हा गाववाल्यांनो, हुकुमाची नक्कल घ्या, मोडल्याची तारीख टिपा, पाच-पन्नास सह्या करा आणि ठाण्यात जा. रयत जागी नसेल तर कायदा बड्यांच्या दारचा राखणदारच राहणार!