नऊ वॉटचा द्या, एवढ्यावर भागत नाही

जळगावचं गोलाणी मार्केट असो की धुळ्याचा पाचकंदील, इलेक्ट्रिकच्या दुकानात गिऱ्हाईक आलं की मागणी ठरलेली असते. ‘नऊ वॉटचा एक द्या.’ दुकानदार विचारतो, ‘पांढरा की पिवळा?’ मग बल्ब बोर्डावर लावून दाखवतो, बुडाशी मार्करने तारीख टाकतो आणि व्यवहार संपतो. घरात पुढची काही वर्षं रोज संध्याकाळी जळणारी वस्तू अर्ध्या मिनिटात घेतली जाते. भरताची वांगी निवडायला याहून जास्त वेळ दिला जातो.

तारेच्या बल्बच्या काळात हे चालून जायचं. साठचा बल्ब कोणत्याही कंपनीचा घेतला तरी उजेड जवळपास तेवढाच, सातशे-आठशे लुमेनच्या घरात. त्यामुळे वॉट सांगितले की उजेड सांगितल्यासारखं होतं. एलईडीने हा हिशेब मोडला. वॉटवरून फक्त वीज किती जाणार ते कळतं. उजेड किती पडणार ते लुमेन सांगतं, आणि हा आकडा खोक्याच्या बाजूला छापलेला असतो. नऊ वॉटचे दोन बल्ब शेजारी शेजारी लावले तर एक ७२० लुमेनचा निघतो, दुसरा ९०० चा. वीजबिल दोघांचं सारखंच, उजेड मात्र दुसऱ्याचा सव्वापट. साठच्या बल्बच्या जागी एलईडी लावायचा असेल तर आठशे लुमेनच्या खाली उतरू नये. शंभरचा काढायचा असेल तर तेराशेच्या वर बघावं.

एलईडी घ्यावा की नाही, हा प्रश्न आता उरलेला नाही. निळा प्रकाश देणाऱ्या एलईडीच्या शोधासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं नोबेल मिळालं. त्यानंतर काही महिन्यांतच, जानेवारी २०१५ मध्ये, केंद्राची ‘उजाला’ योजना सुरू झाली. ईईएसएल या सरकारी कंपनीने बल्ब एवढ्या मोठ्या संख्येने एकगठ्ठा खरेदी केले, की २०१४ मध्ये ३१० रुपयांना पडणारा बल्ब २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आला. वीजबिल दाखवून लोकांनी ते घरी नेले. देशभरात ३६ कोटींच्या वर आणि महाराष्ट्रात दोन कोटींच्या वर बल्ब या योजनेतून गेले. साठचा बल्ब रोज पाच तास जळला तर वर्षाला सुमारे ११० युनिट जातात, नऊ वॉटच्या एलईडीला १६ पुरतात. युनिटला आठ रुपये धरले, तर एका बल्बमागे वर्षाकाठी साडेसातशे रुपये वाचतात. ही वाचलेली वीज खान्देशला परकी नाही. भुसावळजवळच्या दीपनगरच्या केंद्रात कोळसा जाळूनच वीज तयार होते.

या हिशेबातून एक दिवा मात्र अजूनही निसटतो, तो म्हणजे झिरोचा बल्ब. देवघरात लाल, जिन्यात पिवळा, रात्रभर चालू. नावात शून्य असलं तरी जुना तारेचा झिरो बारा ते पंधरा वॉट घेतो. चकतीवाल्या जुन्या मीटरवर एवढा छोटा भार नीट नोंदला जात नसे, म्हणून त्याला झिरो म्हणायची पद्धत पडली. आजचं इलेक्ट्रॉनिक मीटर तो नोंदवतं. पंधरा वॉटचा झिरो रात्री नऊ तास चालला तर वर्षाला जवळपास पन्नास युनिट होतात, म्हणजे दिवाणखान्यातल्या एलईडीच्या तिप्पट. अर्ध्या वॉटचा एलईडी नाइट लॅम्प त्याच्या जागी लावणं हा घरातला अगदी स्वस्त आणि मोठ्या फायद्याचा बदल आहे.

खान्देशातल्या माणसाला एलईडी निवडताना सगळ्यात जास्त विचार करायला हवा तो उन्हाचा. खोक्यावर ‘२५,००० तास’ लिहिलेलं असतं. रोज पाच तासांनी मोजलं तर तेरा वर्षांच्या वर. प्रत्यक्षात दोन उन्हाळे झाले की बल्ब लुकलुकायला लागतो. लोक म्हणतात, एलईडीत आता दम राहिला नाही. पण बहुतेक वेळा जाते ती एलईडीची चकती नव्हे, तर बुडाच्या प्लास्टिकमध्ये बसवलेलं ड्रायव्हरचं छोटं सर्किट. त्यातला कॅपॅसिटर उष्णतेला सगळ्यात नाजूक. तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य निम्म्यावर येतं, हा या क्षेत्रातला सर्वमान्य ठोकताळा आहे. तारेचा बल्ब आपली उष्णता समोर फेकतो. एलईडीत मात्र निम्म्याहून जास्त वीज उष्णता होऊन मागच्या बुडाकडेच जाते, आणि तिथून हवेत निघून जायला तिला वाट लागते. बल्बच्या मोजण्या आणि आयुष्याचे दावे साधारणपणे पंचवीस अंशांच्या आसपासच्या हवेतले असतात. मे महिन्यात भुसावळ आणि जळगावचा पारा पंचेचाळिशीच्या पुढे जातो तो सावलीतला. पत्र्याखालच्या खोलीत, छताला लागून, हवा त्याहूनही तापलेली असते. रात्री आठ वाजता दिवा लावला तरी पत्र्याची धग उतरलेली नसते.

जुन्या धाब्याच्या घरांत मातीच्या जाड थरामुळे आत गारवा राहायचा. ती घरं पडली आणि स्लॅब व पत्रे आले. दिव्याची जागा मात्र तीच राहिली, छताला टेकून. त्यातही हल्ली फॅशन आली ती बंद काचेच्या वाडग्याची आणि पीओपीत बुजवलेल्या दिव्यांची. बंद काचेत नऊ वॉटचा बल्ब टाकणं म्हणजे त्याला घोंगडी पांघरून उन्हात बसवणं. म्हणून कोणता बल्ब घ्यायचा याच्या आधी तो कुठे लावायचा हे ठरलं पाहिजे. पत्र्याच्या खोलीत भिंतीवर, डोक्याच्या थोडं वर, अँगल होल्डर लावावा किंवा वायर सोडून होल्डर फूट-दीड फूट खाली लोंबता घ्यावा. खर्च शंभर-दीडशे रुपयांचा आणि वायरमनच्या तासाभराच्या कामाचा. उजेड जास्त हवा असेल तर एकच वीस वॉटचा गोळा लावण्यापेक्षा नऊ-नऊचे दोन वेगवेगळ्या ठिकाणी लावावेत. उष्णता विभागली जाते आणि सावलीही कमी पडते. हातात घेतल्यावर अगदी हलका लागणारा बल्ब टाळावा. वजन हा काही पुरावा नव्हे, पण आतल्या ॲल्युमिनियमचा अंदाज त्यावरून येतो.

उन्हाखालोखाल त्रास व्होल्टेजचा. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात पंप सुरू झाले की गावातली लाइट मंदावते, बंद झाले की उसळते. एखाद्या वादळात डीपीचा न्यूट्रल तुटला, तर २३० च्या जागी चारशेपर्यंत व्होल्टेज घरात घुसतं आणि गल्लीतले बल्ब एकदम जातात. अशा भागात खोक्यावरची व्होल्टेजची मर्यादा वाचावी. ‘२२० ते २४०’ एवढीच लिहिली असेल तो बल्ब ठेवून द्यावा, ‘१०० ते ३००’ लिहिलेला घ्यावा. सर्ज संरक्षण दिलं असेल तर आणखी उत्तम. बटण बंद केल्यावरही बल्ब मंद जळत राहत असेल, तर बल्बला दोष देण्याआधी बटण फेजऐवजी न्यूट्रलवर तर नाही ना, हे वायरमनकडून तपासून घ्यावं. तारेच्या बल्बने ही चूक वर्षानुवर्षं झाकून ठेवली होती. बटण बंद असतानाही होल्डरमध्ये करंट असणं जिवावर बेतू शकतं.

आठवडी बाजारात ताडपत्रीवर ढीग मांडून विकले जाणारे तीस-चाळीस रुपयांचे बिननावाचे बल्ब हा वेगळाच विषय आहे. सुटे भाग आणून जोडलेल्या अशा बल्बांपैकी कित्येकांवर ना नोंदणी असते, ना पत्ता. घरगुती एलईडी बल्बला भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे. चिन्हाजवळ आयएस १६१०२ आणि ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक असतो. तो मोबाइलवरच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकला की खरं-खोटं लगेच कळतं. जानेवारी २०१८ पासून ऊर्जा दक्षता ब्यूरोचं स्टार लेबलही सक्तीचं झालं. एका वॉटमागे लुमेन किती, यावर हे तारे ठरतात. आणखी एक साधी पारख दुकानातच करता येते. पेटलेल्या बल्बसमोर मोबाइलचा कॅमेरा स्लो मोशनवर धरावा. पडद्यावर उजेड फडफडताना दिसला तर ड्रायव्हर हलक्या दर्जाचा आहे. डोळ्यांना ती फडफड जाणवत नाही, पण रात्री दोन-दोन तास अभ्यास करणाऱ्या मुलाचे डोळे शिणतात, डोकं दुखतं. मुलाच्या टेबलासाठी तरी तीस रुपये वाचवू नयेत.

रंगाच्या बाबतीत खान्देशचा कौल सरसकट पांढऱ्याला आहे. ६५०० केल्विनचा निळसर पांढरा उजेड झगझगीत वाटतो, म्हणून तो ओसरीपासून झोपायच्या खोलीपर्यंत सगळीकडे लागतो. झोपायच्या खोलीत तो नको. निळा प्रकाश रात्री शरीरातलं मेलाटोनिन दाबतो आणि झोप लांबते. तिथे २७०० ते ३००० चा पिवळसर बरा. अंगणात आणि मळ्यातल्या घरीही पिवळाच लावावा, कारण पहिल्या पावसानंतर येणारे किडे निळसर उजेडावर जास्त झेपावतात. स्वयंपाकघरात ४००० चा घ्यावा, आणि तिथे आणखी एक आकडा महत्त्वाचा: सीआरआय. रंग किती खरे दिसतात याचं हे शंभरपैकी माप. ते ८० च्या वर हवं, ९० मिळालं तर घ्यावंच. डाळीतला खडा, तिखटाचा लालपणा, वांगं आतपर्यंत भाजलं की नाही, हे सगळं या आकड्यावर अवलंबून आहे. स्वयंपाकघरातला दिवा निवडताना तिथे रोज उभं राहणाऱ्या बाईला विचारायची पद्धत घराघरात नाही. ती पडायला हवी.

गॅरंटीचंही असंच. मार्करने टाकलेली तारीख पुसली जाते. छापील बिल मागावं आणि खोकं फेकू नये. मुदतीत बल्ब गेला आणि बदलून मिळाला नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. शंभर रुपयांसाठी कोण भांडणार, असं प्रत्येक घर म्हणतं आणि हलका माल बाजारात टिकून राहतो.

उत्पादकांकडूनही मागणं आहे. १९४५ मध्ये अमळनेरला वनस्पती तुपाच्या कारखान्यापासून सुरू झालेल्या विप्रोचा समूह आज दिवेही बनवतो. म्हणजे इथला उन्हाळा या धंद्याला अनोळखी नाही. कमाल किती तापमानापर्यंत बल्ब वापरावा, हा आकडा बहुतेक कंपन्यांच्या तांत्रिक कागदांत असतो. खोक्यावर तो क्वचित दिसतो, आणि दिसला तर भिंग लागेल इतक्या बारीक अक्षरात. लुमेनच्या शेजारी, तेवढ्याच ठळक टाइपात, मराठी-हिंदीतून तो छापणं मानक ब्यूरोने बंधनकारक करावं. पंचेचाळीस अंशांच्या हवेत बल्ब किती तास टिकतो, याची चाचणीही सक्तीची व्हावी. बंद काचेत लावायचा नसेल तर तसं चित्र खोक्याच्या दर्शनी बाजूला असावं. ग्राहक पंचायतींनी आणि इथल्या आमदार-खासदारांनी ही मागणी पुढच्या उन्हाळ्याआधी ब्यूरोकडे लेखी नेली पाहिजे.