पैसे आपले, किल्ली त्यांची

मुंबई-पुण्यात तुम्ही नवा फोन घेता तेव्हा जुन्याचं काय होतं? तो गावाकडं येतो. गडहिंग्लजला येतो, आजऱ्याला जातो, चंदगडच्या एखाद्या वाडीवर पोचतो. तुम्हाला जे भंगार वाटलं त्याच्यावर इकडं अख्खं घर चालतं. धाकटी बहीण त्याच्यावर स्कॉलरशिपचा फॉर्म भरते, भाऊ भरतीचे प्रश्न सोडवतो, आई शहरातल्या पोराचा चेहरा बघते. आणि एक दिवस तो फोन कंपनीच्या लोगोवर येऊन अडकतो. पुढं सरकत नाही, मागं येत नाही. बाजारात दुकानात न्या. दुकानदार उलटासुलटा करून बघतो आणि म्हणतो, ‘सॉफ्टवेअर मारावं लागंल. डेटा जाईल. चालंल?’

चालंल म्हणण्यावाचून दुसरा इलाज काय? चार वर्षांचे फोटो, कागदपत्रं, मेलेल्या आज्याचा आवाज, सगळं गेलं. दुकानदाराला शिव्या घालू नका. तो आपल्यातलाच आहे. कंपनीनं त्याला काही शिकवलेलं नाही. बॉक्स, डोंगल पदरच्या पैशानं घेऊन, हात पोळून तो शिकला. शिव्या द्यायच्याच तर कुलूप कुणी लावलं ते आधी बघा.

फोन सुरू केला की पहिल्यांदा जागा होतो तो बूटलोडर. हा दारावरचा रखवालदार. ज्याच्या कागदावर कंपनीची सही आहे त्यालाच तो आत सोडतो. आत दोन खोल्या. एक रोजच्या अँड्रॉइडची. दुसरी रिकव्हरीची. ही रिकव्हरी म्हणजे लहानशी वेगळी व्यवस्था. अँड्रॉइड मेलं तरी ती जिवंत राहते. पॉवर आणि आवाजाचं बटण एकदम दाबून धरलं की तिच्यात शिरता येतं, कुठलं बटण ते कंपनीगणिक बदलतं. पण कंपनीनं दिलेली रिकव्हरी एक नंबरची भिकारडी. तिला दोनच गोष्टी नीट येतात. एक, कंपनीची सही असलेलं अपडेट घालणं. दुसरी, सगळं पुसून टाकणं. बाबा, तुझे फोटो आधी बाहेर काढून देऊ का, हे ती विचारत नाही. खिशातल्या फोनला आग लागली तर पाणी नाही, बुलडोझर हजर!

म्हणून जगभरच्या पोरांनी आपली रिकव्हरी लिहिली. आधी क्लॉकवर्कमॉड होती, कौशिक दत्ता या माणसानं लिहिलेली. २०११ पासून टीम विन रिकव्हरी प्रोजेक्ट, म्हणजे टीडब्ल्यूआरपी. फुकट. कोड सगळ्यांसमोर उघडा. तिच्यात शिरलात की फोनच्या एकेका विभागाची नक्कल काढून ठेवता येते, परत भरता येते, मेलेल्या फोनला केबल लावून फोटो संगणकावर ओढता येतात, कंपनीची सोडून दुसरी प्रणालीही घालता येते.

हे श्रीमंत पोरांचे छंद आहेत असं कुणी म्हणेल. त्यांनी २०१०-११ साल आठवावं. तेव्हाच्या बहुतेक अँड्रॉइड फोनवर मराठी मजकूर उघडला की दिसायचे ते रिकामे चौकोन. आपल्या अक्षरांचा फॉन्टच आत नव्हता. फॉन्ट घालायचा तर सिस्टमच्या विभागात हात घालावा लागे, आणि तो विभाग बंद. ज्यांना कुलूप काढता आलं त्यांनी मूळ फॉन्टची फाइल बदलून देवनागरी घातली. वेलांटी चुकीच्या बाजूला पडायची, जोडाक्षरं फुटायची, तरी अक्षर दिसायचं. देवनागरी फॉन्ट अँड्रॉइडमध्ये आला तो ४.० बरोबर, २०११ च्या शेवटी. फोनची स्वतःची भाषा मराठी करायची सोय ५.० मध्ये, २०१४ ला. करोडो माणसांची भाषा, आणि वाट बघायला लावली कॅलिफोर्नियातल्या हापिसानं! किल्लीला किंमत आहे ती याच्यासाठी.

आता कामाचं. आणि ही एकच गोष्ट मेंदूवर गोंदून घ्या: फोन मेल्यावर कस्टम रिकव्हरी घालायला जाऊ नका. बूटलोडर उघडताना आतलं सगळं पुसलं जातं, हा त्याचा स्वभाव आहे. शिवाय ‘ओईएम अनलॉकिंग’चा खटका सेटिंगमध्ये असतो, तोही फोन चालू असतानाच दाबता येतो. बिल्ड नंबरवर सात टिचक्या मारल्या की डेव्हलपर ऑप्शन उघडतात, त्यात तो खटका. म्हणून फोन धडधाकट आहे तोवर, आतलं सगळं बाहेर काढून, मगच हे करायचं.

मग संगणक, केबल, फास्टबूट. ‘फास्टबूट फ्लॅशिंग अनलॉक’, जुन्या फोनला ‘फास्टबूट ओईएम अनलॉक’. त्यानंतर रिकव्हरीची फाइल. इथंच निम्मी पोरं मरतात. फोनचं बाजारातलं नाव बघू नका, त्याचं आतलं सांकेतिक नाव बघा. २०१७ च्या जानेवारीत भारतात आलेला रेडमी नोट ४ म्हणजे ‘मिडो’, स्नॅपड्रॅगनवाला. त्याच नावाचा मीडियाटेकवाला दुसरा फोन म्हणजे ‘निकेल’. नाव तेच, आतडी वेगळी. एकाची फाइल दुसऱ्यात घातली की गेला. जुन्या फोनला रिकव्हरीचा वेगळा विभाग असतो. तिथं फाइल घातल्यावर फोन सरळ रिकव्हरीतच चालू करायचा. आधी अँड्रॉइड चालू झालं तर ते जुनी रिकव्हरी गुपचूप परत बसवून टाकतं. अँड्रॉइड ७ नंतरच्या कित्येक फोनांत दोन-दोन बूट विभाग आहेत आणि रिकव्हरी त्यांच्याच पोटात. तिथं आधी ‘फास्टबूट बूट’नं तात्पुरती चालवून मग आतून बसवायची. सॅमसंगचं सगळंच निराळं, तिथं फास्टबूट नाही, डाउनलोड मोड आणि ओडिन. आणि तिथं नॉक्सचा फ्यूज एकदा उडाला की परत जोडता येत नाही.

बसली? मग ती सांभाळा. ‘डेटा’ची नक्कल घेतली म्हणजे फोटो आले असं समजून पोरं निवांत झोपतात. फोटो त्या नकलेत येत नाहीत! ते अंतर्गत स्टोरेजमध्ये असतात आणि टीडब्ल्यूआरपी ते वगळते. वेगळे काढून घ्या. नक्कल फोनमध्येच ठेवली तर फॉरमॅट करताना तीही जाते, म्हणून मेमरी कार्डवर नाहीतर पेनड्राइव्हवर. पहिल्याच दिवशी ईएफएस आणि पर्सिस्ट, असतील त्या, या विभागांची नक्कल घ्या. ईएफएस गेलं तर आयएमईआय गेला, म्हंजे सिम असून फोन मुका. फोल्डरची नावं अगम्य दिसली तर घाबरून काही पुसू नका. डेटा कूटबद्ध आहे, रिकव्हरीला तुमचा पिन पाहिजे. आणि बदललेली प्रणाली आत असताना बूटलोडर परत बंद करायचा मूर्खपणा कुणी करू नये. त्यातनं फोन वीट होतो.

कंपन्या म्हणतात, कुलूप तुमच्याच भल्यासाठी. हे पूर्ण खोटं नाही. उघड्या बूटलोडरचा फोन वाईट माणसाच्या हाती पडला तर तो त्यात आपलं काहीही भरून ठेवू शकतो. बँकेची कित्येक ॲप असा फोन ओळखून तोंड फिरवतात. ज्या फोनवर घरातले पैसे येतात-जातात त्याला म्हणून मी हात लावू देणार नाही. पण गूगलचं नि कंपनीचं अपडेट येणं ज्याचं कधीच थांबलंय त्या फोनला तुमचं कुलूप कसलं संरक्षण देतं? रेडमी नोट ४ ला कंपनीनं अँड्रॉइड ७ वर सोडून दिलं. त्याच फोनवर बाहेरच्या पोरांनी पुढच्या कित्येक आवृत्त्या चालवून दाखवल्या, पगार न घेता. म्हणजे फोन मेला नव्हता. मारला होता.

आणि किल्ली हळूहळू काढून घेतली जातेय हे लक्षात घ्या. शाओमीनं २०१६ पासून बूटलोडर बंद करून परवानगीची रांग लावली, कधी आठवडाभर थांबा, कधी महिनाभर. २०२३ ला हायपरओएस आल्यावर अटी आणखी आवळल्या. हुआवेनं २०१८ ला अनलॉकचे कोड देणंच बंद केलं. या सगळ्यांच्या फोनच्या बुडाशी लिनक्सचं कर्नेल आहे, ज्याचा परवाना सांगतो की बदललेला कोड वापरणाऱ्याला द्या. घेताना फुकटचं घेतात आणि द्यायची वेळ आली की साले टाळाटाळ करतात. केंद्राच्या ग्राहक खात्यानं २४ डिसेंबर २०२२ ला दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं, चांगलं केलं. पण किल्ली द्यायला लावणारा कायदा देशात नाही. माझी मागणी साधी आहे. ज्या दिवशी कंपनी अपडेट थांबवेल त्या दिवशी तिनं किल्ली फोनच्या मालकाला द्यावी, बिनशर्त, बिनरांगेची.

ते होईल तेव्हा होईल. तोवर तुमच्या हातात आहे तेवढं करा. संगणक तुमच्याकडं आहे, इंटरनेट तुमच्याकडं आहे. गावाकडं फोन धाडण्याआधी एक रविवार त्याला द्या. त्याच्यावर बँकेचं ॲप चालायचं असेल तर बूटलोडरला हात लावू नका. नुसता बघायचा-शिकायचा फोन असेल तर उघडा, रिकव्हरी बसवा, नकला काढा. दोन्हीत एक काम विसरू नका: आपलं गूगल खातं आतून काढून टाका. अँड्रॉइड ५.१ पासून असं आहे की खातं आत ठेवून कुणी रिकव्हरीतून फोन पुसला तर तो चालू होताना जुनं खातं मागतो. गडहिंग्लजच्या दुकानात असे फोन येतात. आत मुंबईच्या भावाचं खातं, भावाला पासवर्ड आठवत नाही, फोन उचलत नाही. आणि त्या मॉडेलची मूळ फाइल पेनड्राइव्हवर घालून, पुठ्ठ्यावर सांकेतिक नाव लिहून, केबलीसकट पिशवीत टाका. एसटीनं येणाऱ्या कुणाकडंही देता येते.