सूत्र बरोबर, उत्तर चुकले, गुण किती?

दहावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षे आघाडीवर असतो. तरीही रत्नागिरीतल्या घराघरांत निकालानंतर एक प्रश्न उरतोच: विज्ञानात गुण कापले कुठे?

समजा, 50 सेंटिमीटर नाभीय अंतराच्या बहिर्वक्र भिंगाची शक्ती विचारली. उत्तर 2 डायॉप्टर. मुलीने सूत्र अचूक लिहिले, पण मीटर करायला विसरली आणि उत्तर 0.02 आले. एका परीक्षकाने शून्य आणि दुसऱ्याने गुण दिला, तर तो अन्यायच. म्हणून टप्प्यांना गुण असतात आणि तपासलेल्या काही उत्तरपत्रिका नियामक पुन्हा पाहतात.

गणिती उदाहरणांत हे सोपे. खरी अडचण ‘शास्त्रीय कारणे लिहा’ची. तांब्याचे कळकलेले भांडे चिंचेने का घासतात? ‘आम्लात हिरवा थर विरघळतो’ एवढेच लिहिणाऱ्याने कॉपर कार्बोनेटचे नाव घेतले नाही. कारण मात्र त्याला कळले आहे. पूर्ण नाही, तरी काही गुण त्याचे आहेतच. पुस्तकी वाक्य शोधणारा घाईतला परीक्षक ते नाकारतो.

पुनर्मूल्यांकनाआधी शुल्क भरून छायाप्रत घ्यावी लागते. सीबीएसई गुणदान योजना जाहीर करते. राज्य मंडळानेही निकालासोबतच नमुना उत्तरे सर्वांपुढे ठेवावीत.