रोस्टर बाजूला ठेवून

लूसी लेटबी दोषी की निर्दोष, याचा निवाडा मासिकाच्या संपादकीयात होत नसतो. इंग्लंडमधल्या काउंटेस ऑफ चेस्टर रुग्णालयातील या परिचारिकेला सात नवजात बालकांचे खून आणि आणखी सात बालकांच्या खुनाचे प्रयत्न यांसाठी 2023 आणि 2024 च्या दोन खटल्यांत मिळून पंधरा आजन्म कारावास झाले. मरेपर्यंत तुरुंग, असाच त्या शिक्षेचा अर्थ. ज्या घरांतली ती मुले होती त्यांच्यासाठी हा विषय वादविवादाचा नाही, याची जाणीव ठेवूनच लिहितो आहोत. पण त्या खटल्यात पुरावा म्हणून उभे राहिले ते आपले रोजचे कागद: केसपेपर, प्रयोगशाळेचा अहवाल, ड्यूटीचे रोस्टर. बालरोगतज्ज्ञ, सिस्टर, पॅथॉलॉजिस्ट आणि न्यायवैद्यकातली मंडळी या सर्वांनी तो खटला त्या नजरेने वाचायला हवा.

सरकारी पक्षाने ज्युरीपुढे एक तक्ता ठेवला होता. एका बाजूला 25 संशयास्पद घटना, दुसऱ्या बाजूला 38 परिचारिका. लेटबीच्या रकान्यात प्रत्येक घटनेसमोर फुली, इतरांच्या रकान्यांत तुरळक. असा तक्ता पाहिल्यावर पाहणाऱ्याचे मन तिथल्या तिथे ठरते. पण घटना ‘संशयास्पद’ कोणी ठरवल्या, आणि केव्हा? त्याच काळात त्या कक्षात आणखीही मुले दगावली. ती तक्त्यात नाहीत, कारण त्यांच्याबद्दल तिच्यावर आरोप नव्हता. आरोप नसलेल्या घटना गाळल्या की उरलेल्या प्रत्येक घटनेसमोर आरोपीचीच फुली येणार. सरकार पक्षाच्या प्रमुख तज्ज्ञांचे म्हणणे असे की कागद तपासायला घेतले तेव्हा त्यांना कोणाचे नाव माहीत नव्हते. मान्य. मात्र ज्या डॉक्टरांच्या तक्रारीवरून तपास सुरू झाला, त्यांच्या मनात ते नाव आधीपासून होते.

‘तिला हलवले आणि मृत्यू थांबले’ हे वाक्य अजूनही ऐकू येते. तिला कक्षातून हलवले जुलै 2016 मध्ये. त्याच सुमारास कक्षाचा दर्जा उतरवण्यात आला आणि 32 आठवड्यांच्या आत जन्मलेली मुले तिथे घेणे बंद झाले. सर्वांत नाजूक मुले दुसरीकडे जाऊ लागल्यावर मृत्यू कमी होणार, हे नवजात कक्षात महिनाभर काम केलेल्या इंटर्नलाही कळते.

या सापळ्याची सूचना आधीच मिळालेली होती. लेटबीचा पहिला खटला सुरू होण्याच्या तोंडावर, सप्टेंबर 2022 मध्ये, ब्रिटनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने नेमक्या अशाच प्रकरणांवर अहवाल काढला होता. त्यामागे नेदरलँड्समधील लुसिया दे बेर्क या परिचारिकेचा अनुभव होता. तिच्या पाळीत इतक्या घटना केवळ योगायोगाने घडण्याची शक्यता 34 कोटी 20 लाखांत एक, असे न्यायालयाला सांगण्यात आले आणि 2003 मध्ये तिला जन्मठेप झाली. 2010 मध्ये ती निर्दोष सुटली, पण नुसते गणित दुरुस्त करून नव्हे. एका बालकाच्या शरीरात सापडलेले डिगॉक्सिन हा त्या खटल्याचा कणा होता. स्ट्रासबर्गच्या प्रयोगशाळेत अधिक नेमक्या पद्धतीने तपासणी झाली तेव्हा ते प्रमाण फारच कमी निघाले.

लेटबीच्या खटल्यात डिगॉक्सिनची जागा इन्सुलिनने घेतली आहे, आणि आमच्या मते सगळ्या पुराव्यात हा भाग सर्वांत वजनदार आहे. दोन बालकांची साखर सलाइन चालू असतानाही तासन्‌तास खाली राहिली. एकाच्या रक्तात इन्सुलिन 4657 आले आणि सी-पेप्टाइड मोजता येण्याच्या मर्यादेखाली. स्वादुपिंड इन्सुलिन सोडते तेव्हा तेवढेच सी-पेप्टाइडही सोडते, आणि ते रक्तात जास्त वेळ टिकते. तेव्हा असा आकडा दिसला की इन्सुलिन बाहेरून आले, हा पहिला तर्क योग्यच आहे. खुद्द लेटबीनेही उलटतपासणीत कोणीतरी इन्सुलिन दिले असावे हे मान्य केले. आपण दिले नाही, एवढेच तिचे म्हणणे होते.

अडचण पुढे आहे. चाचणी इम्युनोअ‍ॅसेची होती. रक्तात इन्सुलिनला चिकटणारी प्रतिपिंडे असली तर ही पद्धत फसू शकते. बाहेरून इन्सुलिन दिल्याची शंका असेल तर नमुना विशेष प्रयोगशाळेकडे पाठवावा, अशी सूचना चाचणी करणाऱ्या प्रयोगशाळेचीच होती. अहवाल हाती येईपर्यंत बाळ सावरले होते. आकडा फायलीत गेला, नमुना पुढे गेला नाही. दोन्ही बालके वाचली आणि आकड्याला वाचा फुटली ती काही वर्षांनी, पोलिसांच्या तपासात. उपचारासाठी केलेली चाचणी आणि माणसाला आयुष्यभर तुरुंगात धाडण्यासाठी लागणारी चाचणी यांत जे अंतर आहे, ते दुसऱ्या तपासणीने भरून काढायचे असते. ती आता होणार नाही. चाचणी बरोबर होती की चुकीची, यावर दोन्ही बाजूंचे तज्ज्ञ आणखी कितीही वर्षे भांडू शकतात.

शिरेत हवा सोडल्याच्या आरोपाचे वेगळेच झाले. अशा हवेमुळे त्वचेवर उमटणाऱ्या डागांसाठी सरकार पक्षाने शू ली आणि टॅन्सवेल यांच्या 1989 च्या शोधनिबंधाचा आधार घेतला. त्या ली यांनीच अपिलात सांगितले की निबंधाचा अर्थ चुकीचा लावला गेला. न्यायालयाने ते ऐकून बाजूला ठेवले: हा पुरावा मूळ खटल्यातच आणता आला असता, आणि निदान केवळ डागांवर बेतलेले नव्हते. पुढे फेब्रुवारी 2025 मध्ये ली यांच्या चौदा तज्ज्ञांच्या गटाने कागद तपासून जाहीर केले की घातपाताचा वैद्यकीय पुरावा सापडत नाही, नैसर्गिक कारणे आणि सदोष उपचार दिसतात. हे सगळे खटल्यात ज्युरीसमोर का आले नाही? बचावाने एकही वैद्यकीय तज्ज्ञ साक्षीला उभा केला नाही. लेटबीखेरीज त्यांचा एकमेव साक्षीदार होता रुग्णालयाचा प्लंबर. हे कोडे वकिलांनी सोडवावे. लेटबीच्या घरी सापडलेल्या तिच्या चिठ्ठ्यांबद्दल एवढेच म्हणतो की एकाच कागदावर कबुलीही असेल आणि नकारही, तर त्यातून निदान करू नये.

आपल्याकडे परिस्थितिजन्य पुराव्याची कसोटी ज्या निकालाने घालून दिली तो पुण्याच्याच प्रकरणातला आहे. शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या 1984 च्या खटल्यात सायनाइडने झालेल्या मृत्यूबद्दल खालच्या न्यायालयाने फाशी दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली आणि सर्वोच्च न्यायालयाने आरोपीला सोडले. पुराव्याच्या साखळीचे ‘पंचशील’ त्या निकालातले. विषप्रयोगासाठी त्याच निकालात चार गोष्टी मागितल्या आहेत: हेतू, मृत्यू विषानेच झाल्याची खात्री, विष आरोपीच्या ताब्यात असणे, आणि ते देण्याची संधी. रुग्णालयात यांतल्या शेवटच्या दोन गोष्टी जवळजवळ निरर्थक ठरतात. इन्सुलिन वॉर्डच्या फ्रिजमध्ये असते आणि संधी पाळीवर असलेल्या प्रत्येकाला असते. मग सगळा भार उरतो तो वैद्यकीय कारणावर, म्हणजे आपल्यावर.

तेव्हा वाचकांना काही मागणी. जिल्हा शल्यचिकित्सकांच्या समितीत किंवा पोलिसांच्या विनंतीवरून मत देण्याची वेळ आली, तर ड्यूटीचे रोस्टर न पाहता आधी वैद्यकीय कारण लिहा. निवडक फायली घेऊ नका. त्या वर्षातले सगळे मृत्यू मागा, त्या महिन्यांत खाटा किती, बाळे किती वजनाची, पाळीला सिस्टर किती होत्या हेही मागा. मिळाले नाही तर ‘मिळाले नाही’ असे मतपत्रातच नोंदवा. शवविच्छेदनात नैसर्गिक कारण लिहिले असेल आणि तुमचे मत वेगळे असेल, तर ते का बदलले हे सांगा. सिस्टरनी नोंद वेळेवर करावी आणि नंतर केली तर ‘नंतर केली’ असे लिहावे. आणि पॅथॉलॉजिस्ट मित्रांनो, इन्सुलिन जास्त आणि सी-पेप्टाइड कमी असा अहवाल हाती आला तर त्याच दिवशी फोन करा, उरलेला नमुना गोठवून ठेवा आणि दुसऱ्या पद्धतीने तपासायला पाठवा. तुमच्या प्रयोगशाळेत असा नमुना किती दिवस ठेवतात, हे आजच विचारून घ्या.