सूक्ष्म मापन आणि विश्वसनीय मापन

समोरासमोरच्या दोन अर्धपारदर्शक आरशांमधील पोकळीत प्रकाश पुनःपुन्हा परावर्तित होतो. ज्या तरंगांची अर्धलांबी त्या अंतरात पूर्णांक संख्येने बसते, तेच बलवत्तर होऊन बाहेर पडतात. फ्रान्समधील शार्ल फाब्री व आल्फ्रेड पेरो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे तत्त्व उपकरणात उतरविले. पोकळीतील पाण्यात साखर विरघळविली, तर वक्रीभवनांक वाढतो आणि बाहेर पडणारी तरंगलांबी सरकते.

अशी उपकरणे ०.००००००१ इतका फरकही टिपतात, असे कौतुकाने सांगितले जाते. केवळ या आकड्यावर भाळणे योग्य नव्हे. सामान्य तापमानास पाणी १ अंश सेल्सिअसने तापले, तर त्याचा वक्रीभवनांक सुमारे ०.०००१ ने घटतो; म्हणजे अंशाच्या सहस्रांशाइतकी ऊबही तेवढाच फरक घडविते. (उष्णतेने आरशांमधील अंतर बदलते, ते निराळेच!) बदल झाला एवढेच प्रकाश सांगतो, तो विषारी द्रव्यामुळे की उन्हामुळे, हे सांगत नाही. म्हणून पाण्याच्या शुद्धतेचा निर्णय करणाऱ्या उपकरणात शेजारी शुद्ध पाण्याची दुसरी पोकळी अनिवार्य मानली पाहिजे. दोहोंना ऊब सारखीच लागते. ती वजा जाता उरलेल्या फरकाचाच विचार करावा.